इंग्लंडमधली जुनी घरं आणि बागा: पहिल्यांदा बघायला जाताना

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली आपली माणसं पहिल्या वर्षात लंडन, बाथ, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट असं सगळं बघून घेतात. खेड्यापाड्यांच्या कडेला शेकडो एकरांत उभी असलेली जुनी घरं आणि त्यांच्या बागा मात्र राहून जातात. कधी एखादं घर बघितलं तरी 'एक बघितलं की सगळी सारखीच' असं म्हणून विषय संपतो. याला कारण घाई. सकाळी एक घर, दुपारी दुसरं, मधे एखादं गाव असा बेत आखला, की सोनेरी छतं आणि तैलचित्रं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. माझं सांगणं थोडक्यात असं: एका दिवशी एकच घर बघा, आणि ते कोणाच्या पैशावर नि कोणाच्या कष्टावर उभं राहिलं हे विचारत बघा. मग दोन घरं कधीच सारखी वाटत नाहीत.

पहिली पायरी: घर कोणाच्या ताब्यात आहे ते बघा

तिकीट, पास, उघडण्याचे दिवस, कुत्रा न्यायचा की नाही, सगळं यावर ठरतं. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला नॅशनल ट्रस्ट. ही 1895 साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था आहे, सरकारी खातं नव्हे. तिचं काम इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चालतं; स्कॉटलंडची संस्था वेगळी. सुरुवातीला ट्रस्टचा भर मोकळ्या जमिनी आणि किनारे वाचवण्यावर होता. मोठी घरं त्याच्याकडे आली ती नंतर. 1894 साली वारसा कर लागू झाला, शेतीचं उत्पन्न आधीच घसरलेलं होतं, पहिल्या महायुद्धात अनेक घरांचे वारस मारले गेले आणि पडेल त्या पगारात राबणारे नोकर मिळेनासे झाले. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं पाडली गेली. 1937 च्या कायद्याने मालकांना घर ट्रस्टला देऊन त्यातच राहण्याची सोय झाली. लॉर्ड लोथियन यांचं नॉरफकमधलं ब्लिकलिंग हॉल 1940 मध्ये याच योजनेतून ट्रस्टकडे आलं. म्हणूनच ट्रस्टच्या काही घरांत आजही एखाद्या भागात मूळ कुटुंब राहतं आणि तिकडचं दार बंद असतं.

दुसरी संस्था इंग्लिश हेरिटेज. हिच्याकडे चारशेहून अधिक ठिकाणं आहेत. त्यांत किल्ले, पडके मठ आणि रोमन अवशेष जास्त; पण व्हाइट बेटावरचं ऑस्बोर्न, एसेक्समधलं ऑडली एंड आणि चार्ल्स डार्विनचं डाउन हाउस ही घरंही तिचीच.

तिसरा प्रकार खाजगी घरांचा किंवा कुटुंबाने स्वतंत्र न्यास करून चालवलेल्या घरांचा. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, कॅसल हॉवर्ड, हॅटफील्ड ही मोठी नावं यात येतात. नवीन माणसांची सर्वांत जास्त फसगत इथे होते: नॅशनल ट्रस्टचं कार्ड दाखवून इथे आत जाता येत नाही. अशा घरांपैकी अनेक घरं 'हिस्टॉरिक हाउसेस' नावाच्या संघटनेत आहेत आणि तिचं सदस्यत्व वेगळं मिळतं.

दुसरी पायरी: महिना आणि वार ठरवा

घर पावसातही बघता येतं, बाग मात्र महिन्याची असते. फेब्रुवारीत स्नोड्रॉपचे पांढरे ताटवे, मार्च-एप्रिलमध्ये डॅफोडिल, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा, मेमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन, जूनमध्ये गुलाब, जुलै-ऑगस्टमध्ये फुलांचे लांबलचक वाफे आणि ऑक्टोबरमध्ये रंग बदललेली झाडं. पहिल्यांदा एकच महिना निवडायचा असेल तर मी डोळे झाकून जून सांगेन. दिवस मोठा असतो, शाळांना सुट्टी लागलेली नसते आणि केंटमधल्या सिसिंगहर्स्टसारख्या बागेत गुलाब भिंतींवरून ओसंडत असतात. 1930 मध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या जोडप्याने ती पडकी जागा विकत घेऊन बाग उभी केली. तिथला फक्त पांढऱ्या फुलांचा आणि रुपेरी पानांचा भाग बघायला जगभरातून लोक येतात.

हिवाळ्यात अनेक घरं बंद असतात. तेव्हा गालिचे गुंडाळतात, फर्निचरवर आच्छादनं घालतात, पुस्तकं एकेक करून झटकतात. बाग आणि उपाहारगृह चालू असलं तरी घर बंद असू शकतं, म्हणून संकेतस्थळावर 'हाउस' आणि 'गार्डन' यांच्या वेळा वेगवेगळ्या बघा. बाग सकाळी दहाला उघडली तरी घर बहुधा अकरानंतर उघडतं आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधीचा असतो. छोटी घरं आठवड्यातले दोन-तीनच दिवस उघडी असतात.

सप्टेंबरमध्ये 'हेरिटेज ओपन डेज' नावाचा उपक्रम असतो. एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती तेव्हा फुकट बघायला मिळतात. आणखी एक सुंदर प्रथा म्हणजे नॅशनल गार्डन स्कीम. 1927 पासून लोक आपली घरची बाग वर्षातला एखादा दिवस पाहुण्यांसाठी उघडतात, प्रवेशाचे पैसे शुश्रूषेच्या आणि आरोग्याच्या संस्थांना जातात. तिथे मालकीणबाई स्वतः केक कापून देतात आणि रोप कसं लावायचं तेही सांगतात. इंग्लिश माणसाशी मोकळेपणी बोलायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तिसरी पायरी: पोचायचं कसं

गाडी असेल तर तपकिरी पाट्या बघत जा. पर्यटनस्थळांच्या पाट्या त्या रंगाच्या असतात आणि नॅशनल ट्रस्टच्या जागेवर ओकच्या पानाचं चिन्ह असतं. नकाशात नुसता पोस्टकोड टाकून निघू नका. मोठ्या इस्टेटीला चार-पाच फाटकं असतात आणि पोस्टकोड अनेकदा बंद फाटकाशी नेऊन सोडतो. संकेतस्थळावर 'कसं यावं' या सदरात दिलेलं वर्णन एकदा वाचून निघा.

गाडी नसेल तरी अडत नाही, फक्त घर त्या हिशेबाने निवडा. लंडनहून पहिल्या फेरीसाठी मी हॅटफील्ड हाउस सुचवेन. किंग्ज क्रॉसहून अर्ध्या तासाच्या आत हॅटफील्ड स्टेशन येतं आणि फाटक स्टेशनच्या समोरच आहे. 1558 मध्ये आपण राणी झाल्याची बातमी पहिल्या एलिझाबेथला हॅटफील्डमध्येच मिळाली. तेव्हाच्या जुन्या राजवाड्याचा एक भाग अजून उभा आहे, शेजारचं आजचं घर रॉबर्ट सेसिलने 1611 मध्ये पुरं केलं. केंटमधलं नोल हे घर बघायचं तर सेव्हनओक्स स्टेशनवरून चालत जाता येतं, थोडा चढ आहे आणि पुढे हरणांचं मोठं रान लागतं. ऑक्सफर्डहून ब्लेनहाइमला आणि शेफील्डहून चॅट्सवर्थला बस जाते. जिथे स्टेशनवरून टॅक्सीच लागते तिथे ती आदल्या दिवशी सांगून ठेवा; खेड्यातल्या स्टेशनाबाहेर टॅक्सी उभ्या नसतात. रविवारी बसगाड्या फार कमी असतात, काही मार्गांवर नसतातच. परतीची शेवटची बस कधी आहे ते निघण्यापूर्वी लिहून ठेवा.

चौथी पायरी: तिकीट

वर्षभरात ट्रस्टची पाच-सहा घरं बघणार असाल तर सदस्यत्व घेणं परवडतं, शिवाय ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर गाडी फुकट लावता येते. पण सदस्यत्व माणसागणिक असतं. भारतातून आई-बाबा आले तर तुमच्या कार्डावर त्यांना नेता येत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेज ठरावीक दिवसांचा पास देतं, तो त्यांच्यासाठी काढा.

तिकीट काढताना 'गिफ्ट एड' हवं का असं विचारतात. याचा अर्थ, तुम्ही ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तर संस्थेला तुमच्या दर पौंडामागे 25 पेन्स सरकारकडून परत मिळतात. कर भरत असाल तर जरूर हो म्हणा. आई-बाबांच्या तिकिटाला मात्र नाही म्हणायचं, कारण ते इथे कर भरत नाहीत. बहुतेक ठिकाणी गिफ्ट एडचं तिकीट थोडं महाग असतं, कारण त्यात ऐच्छिक देणगी धरलेली असते. साधं तिकीट मागितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

आई-बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर आधी फोन करा. बऱ्याच ठिकाणी चाकाची खुर्ची उसनी मिळते आणि वाहनतळापासून घरापर्यंत छोटी गाडीही असते. वरच्या मजल्यावर लिफ्ट क्वचितच असते, पण खालीच बसून वरच्या खोल्यांची छायाचित्रं बघता येतील असा अल्बम ठेवलेला असतो. मागितल्याशिवाय तो समोर येत नाही.

पाचवी पायरी: घराच्या आत

पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला किंवा दाराशी ठेवायला सांगतात. फ्लॅश वापरायचा नाही, खायचं-प्यायचं नाही, टोकदार टाचांचे बूट नकोत. खुर्चीवर पाइनचं वाळकं फळ किंवा काटेरी बोंड ठेवलेलं दिसलं तर समजायचं की इथे बसायचं नाही. खोल्या अंधाऱ्या वाटतात कारण पडदे मुद्दाम अर्धे ओढलेले असतात; उजेडाने जुनं रेशीम आणि रंग विटतात. मिनिटभर थांबा, डोळे सरावतात आणि भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यातली माणसं दिसू लागतात.

खोल्यांचा क्रम लक्षात घेतला तर घर वाचता येतं. दर्शनी दालन, मग दिवाणखाने, आणि मग एकामागून एक दारं एका रेषेत असलेल्या खोल्या, शेवटी मानाचं शयनगृह. पाहुणा जितका मोठा तितका आत जायचा. काही घरांत वरच्या मजल्यावर लांबच लांब गॅलरी असते, पावसाळी दिवसांत शतपावली घालायला आणि पूर्वजांची चित्रं मिरवायला. डार्बीशरमधल्या हार्डविक हॉलची गॅलरी बघाच. 1590 च्या दशकात बेस ऑफ हार्डविक या बाईने हे घर बांधलं. चार लग्नं आणि चारही नवऱ्यांमागून वाढत गेलेली संपत्ती, त्यातून तिने काच महाग असण्याच्या काळात भिंतींपेक्षा खिडक्या जास्त असलेलं घर उभं केलं आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःच्या नावाची दगडी आद्याक्षरं बसवली. लांबून, रस्त्यावरूनही ती दिसतात.

तळघर आणि मुदपाकखाना चुकवू नका. तांब्याच्या भांड्यांच्या रांगा, लोणची-मुरंब्यांची कोठी, मांस टांगायची खोली आणि भिंतीवर दोरीच्या घंटांची ओळ. कोणती घंटा वाजली त्यावरून नोकराला कळे कोणत्या खोलीतून बोलावणं आलं. आगीच्या आणि वासाच्या भीतीने स्वयंपाक जेवणघरापासून लांब असे, त्यामुळे जेवण टेबलावर येईतो निवलेलं असायचं. इथे उभं राहिलं की वरच्या मजल्यावरच्या थाटामागे किती हात राबत होते ते कळतं.

प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक असतात, बहुधा निवृत्त माणसं. ती आपणहून फार बोलत नाहीत. 'या खोलीतली तुमची आवडती वस्तू कोणती?' एवढं विचारा. माहितीफलकावर नसलेलं पंधरा मिनिटं ऐकायला मिळतं.

सहावी पायरी: बाग आणि रान

इंग्लिश घराभोवती दोन गोष्टी असतात: राखलेली बाग आणि तिच्यापलीकडचं 'पार्क', म्हणजे गवत, तळं, तुरळक झाडं आणि चरणारी जनावरं. नवीन माणसाला पार्क निसर्गतःच तसं आहे असं वाटतं. खरं म्हणजे ते घराइतकंच बांधलेलं असतं. अठराव्या शतकात लॅन्सलट ब्राउन या माणसाने दीडशेहून अधिक इस्टेटी अशा घडवल्या. 'तुमच्या जागेत वाव आहे' असं तो मालकांना सांगे, म्हणून त्याला 'केपेबिलिटी' ब्राउन हेच नाव पडलं. ओढा अडवून तळं करायचं, टेकाड उकरून उतार सौम्य करायचा, झाडांचे पुंजके नजर नेमकी जाईल तिथे लावायचे. ब्लेनहाइमचं तळं त्याचंच. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनला आपल्या घरासमोरचं जुनं गाव नको होतं. ते हलवलं गेलं आणि 1780 च्या सुमारास मिल्टन ॲबस हे नवं गाव दरीत वसलं. सारख्या छपरांची ती घरं आज चित्रासारखी दिसतात, पण ती का बांधली गेली ते माहीत असावं.

घराच्या हिरवळीवरून पार्ककडे बघा. मेंढ्या हिरवळीवर का येत नाहीत? मधे कुंपण दिसत नाही, पण जवळ गेलं की खोल चर सापडतो, एका बाजूला उभी भिंत असलेला. त्याला 'हा-हा' म्हणतात. मुलांना तो शोधायला लावा, आणि काठावर हात धरा; वरून तो अजिबात दिसत नाही.

फक्त बाग बघायची असेल तर विल्टशरमधलं स्टावरहेड निवडा. हेन्री होर या बँकरने 1740 च्या दशकापासून तळ्याभोवती देवळं, पूल आणि गुहा अशा रचल्या, की वळणावळणावर नवं दृश्य उलगडतं. तळ्याभोवतीची फेरी सावकाश घाला आणि प्रत्येक देवळापाशी मागे वळून बघा. दृश्यं एकमेकांकडे बघत बसवलेली आहेत. एकांत हवा असेल तर ऑक्सफर्डशरमधलं राउशम: विल्यम केंट या रचनाकाराने आखलेली बाग, दुकान नाही, चहाचं दुकान नाही, डबा बरोबर न्यायचा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही, त्यामुळे लेकरं घेऊन जाऊ नका.

चपला-बुटांबद्दल एकच: गवत ओलं असतं, जूनमध्येही. पंजाबी ड्रेस आणि सँडल घालून आलेल्या मावशी अर्ध्या वाटेतून परततात. चालायचे बूट आणि पावसाचं जाकीट गाडीत कायम असू द्या.

डबा बागेच्या काही भागांत चालतो, सतरंजी टाकून बसता येतं. उपाहारगृहात भाजीचं सूप, भाजलेला बटाटा आणि चीज एवढं बहुतेक मिळतं. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का आणि केकमध्ये अंडं आहे का हे विचारलं तर ते घटकांची यादीच काढून दाखवतात. स्कोन, घट्ट साय आणि जॅम हा चहाबरोबरचा थाट एकदा तरी घ्या.

सातवी पायरी: पैसा कुठून आला ते विचारा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते. आपल्यासाठी मात्र इथेच सगळ्यात जास्त बघण्यासारखं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये नॅशनल ट्रस्टने स्वतःच एक अहवाल काढला आणि आपल्या 93 जागांचे गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी असलेले संबंध नोंदवले. त्यावरून इंग्लंडात मोठा वाद झाला. पण फलकांवर आता पूर्वीपेक्षा स्पष्ट लिहिलेलं आढळतं, आणि स्वयंसेवकांना प्रश्न विचारला तर तेही बोलतात.

बर्कशरमधलं बेझिल्डन पार्क बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गब्बर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधवलं. डार्बीशरचं केडल्स्टन हॉल कर्झनच्या घराण्याचं. कोलकात्याच्या गव्हर्नमेंट हाउसची, म्हणजे पुढच्या राजभवनाची, रचना याच घरावरून केलेली आहे, आणि कर्झनने पूर्वेकडून जमवलेल्या वस्तू तळमजल्यावर मांडलेल्या आहेत. ऑस्बोर्नला व्हिक्टोरिया राणीचं दरबार दालन आहे. पांढऱ्या नक्षीकामाने भरलेली ती खोली 1890-91 मध्ये पंजाबच्या भाई राम सिंग यांनी घडवली. त्यांचे गुरू लॉकवुड किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची. दरबार दालनाबाहेरच्या मार्गिकेत भारतीय कारागिरांची व्यक्तिचित्रं लावलेली आहेत. मला त्या घरातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो, कारण राजा-नवाबांऐवजी तिथे विणकर आणि कुंभार तुमच्या डोळ्यांत बघतात.

ग्लॉस्टरशरमधलं सीझिनकोट तर पहिल्या नजरेत खरंच वाटत नाही. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत हिरवट पडलेला तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, मोगल धाटणीचं घर. कंपनीत कमाई केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, 1805 च्या सुमारास ते रचलं. बागेची मांडणी करताना भारतभर फिरून आलेल्या टॉमस डॅनियल या चित्रकाराचा सल्ला होता. ओढ्यावरच्या पुलावर नंदी बसलेले आहेत, वर सूर्याचं छोटं देऊळ आहे, आणि पुलाखालचे जाडजूड खांब बघून घारापुरीची आठवण होते. डॅनियलने ती लेणी बघितलेली होती. बाग आठवड्यातले मोजकेच दिवस, दुपारनंतर उघडते.

चॅट्सवर्थचं नातं आपल्या ताटाशी आहे. तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1830 च्या दशकात काचघरात केळी पिकवली आणि मालकांच्या आडनावावरून त्या वाणाला कॅव्हेंडिश नाव मिळालं. जळगावची ग्रँड नैन केळी याच कॅव्हेंडिश गटातली. पॅक्स्टनने 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला खास भारतात पाठवून खासी टेकड्यांतली ऑर्किडंही मागवली होती.

हॅटफील्डला गेलात तर तिथल्या तिसऱ्या मार्क्विस ऑफ सॉल्सबरीचं चित्र शोधा. 1888 मध्ये पंतप्रधान असताना त्याने जाहीर सभेत दादाभाई नौरोजींच्या पराभवाचा उल्लेख करून, इंग्लिश मतदार काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत अशा अर्थाचं विधान केलं होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निसटत्या मताधिक्याने पार्लमेंटात गेले.

आणि हॅम्पशरमधलं स्ट्रॅटफील्ड से. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालन्याजवळच्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याच्यासाठी 1817 मध्ये ब्रिटिश सरकारी पैशाने हे घर विकत घेतलं गेलं. त्याचे वंशज आजही तिथे राहतात. हे घर वर्षातले थोडेच दिवस उघडतं आणि ते मार्गदर्शकाबरोबरच बघावं लागतं, तेव्हा तारखा बघून तिकीट आधी काढा आणि फेरीत असईबद्दल जरूर विचारा.